उतार कुणाच्या दारात?

बे एरियात मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांच्या संग्रही एक फोटो हमखास असतो. मागे घड्याळाचा उंच मनोरा असलेली फेरी बिल्डिंग, बाजूला ताडासारख्या झाडांची रांग, रुळांवरून जाणारी जुन्या बांधणीची रंगीत ट्राम आणि पलीकडे खाडीचे पाणी. सॅन फ्रान्सिस्कोची ओळख म्हणून गोल्डन गेट पुलाच्या खालोखाल हेच दृश्य छापले जाते. हा फोटो १९५९ ते १९९१ या बत्तीस वर्षांत मात्र कुणाला काढता आला नसता. फेरी बिल्डिंगच्या तोंडासमोरून तेव्हा काँक्रीटचा दुमजली रस्ता जात होता. वरच्या मजल्यावरून एका दिशेची वाहने आणि खालच्यावरून दुसऱ्या दिशेची. मार्केट स्ट्रीटवरून खाडीकडे चालत येणाऱ्याला समोर राखाडी पट्टा दिसे आणि त्याच्या डोक्यावरून मनोऱ्याचे घड्याळ तेवढे डोकावत असे.

तो रस्ता गेला कसा, याची एक गोळीबंद कथा शहरनियोजनाच्या पुस्तकांतून सांगितली जाते. अभियंत्यांनी शहरावर रस्ते लादले, नागरिक उठले, रस्ते थांबले. जो झाला होता तो भूकंपाने मोडला आणि शहराला आपला किनारा परत मिळाला. ही कथा खोटी नाही. पण ती सांगताना वापरला जाणारा ‘नागरिक’ हा शब्द मला नेहमी खटकत आला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत या प्रश्नावर पन्नास वर्षे जे राजकारण झाले, त्यात नागरिक दोन्ही बाजूंना होते. एकाच रस्त्याच्या एकाच टोकाला १९५९मध्ये एका वस्तीने शाप दिले आणि १९९०मध्ये शेजारच्या वस्तीने ते टोक वाचावे म्हणून मोर्चे काढले. भांडण रस्त्याचे कमी आणि उताराचे जास्त होते.

उतार म्हणजे रॅम्प. अमेरिकन फ्रीवेला सिग्नल नसतो, चौक नसतो, कडेला दुकान नसते. ज्या वस्तीतून तो जातो तिच्याशी त्याचा काही संबंध नसतो. संबंध येतो तो फक्त जिथे गाड्या वर चढतात आणि खाली उतरतात तिथे. आपल्याकडे उड्डाणपुलाच्या बाबतीत ‘लँडिंग कुठे देणार?’ हा प्रश्न सभांतून विचारला जातो, तो याच अर्थाने. उतार दारात आला तर धूर, गोंगाट आणि गाड्यांची रीघ येते. गिऱ्हाईकही त्याच उताराने येते. यातले काय कुणाच्या वाट्याला आले, हे बघत गेले की सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास जरा वेगळा दिसू लागतो.

नकाशावरची दहा रेघा

हे शहर एका द्वीपकल्पाच्या टोकावर आहे. साधारण सात मैल लांब आणि सात मैल रुंद. तीन बाजूंना पाणी. १९३६मध्ये पूर्वेकडे ओकलंडला जोडणारा बे ब्रिज झाला आणि १९३७मध्ये उत्तरेकडचा गोल्डन गेट. त्याआधी शहरात येणारा माणूस बोटीने येई आणि फेरी बिल्डिंगला उतरे. १८९८मध्ये बांधलेली ही इमारत १९०६च्या भूकंपातून आणि आगीतून वाचली होती, पण दोन पुलांनी तिचा धंदा बसवला. बोटी कमी झाल्या, धक्के ओस पडू लागले. पुलांवरून येणाऱ्या मोटारी मात्र थेट शहराच्या अरुंद, चढउतारांच्या रस्त्यांवर येऊन आदळू लागल्या. दोन पूल आहेत आणि त्यांना जोडणारा रस्ता नाही, ही अभियंत्यांच्या दृष्टीने उघड उणीव होती.

पैसा आला तो दोन टप्प्यांत. १९४७च्या कॉलियर-बर्न्स कायद्याने कॅलिफोर्नियात पेट्रोलवरचा कर वाढवून तो महामार्गांसाठी राखून ठेवला. मग १९५६च्या केंद्रीय कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार वॉशिंग्टनने उचलला. शहराने १९५१च्या आराखड्यात फ्रीवेंचे जाळे आखले होतेच. आता डॉलरला दहा सेंट घालून रस्ता मिळत असेल तर नको कोण म्हणणार, असा सरळ हिशेब होता. आराखडा मंजूर झाला तेव्हा फारशी ओरडही झाली नाही. कागदावरच्या रेघेला कुणी घाबरत नाही. नोव्हेंबर १९५६मध्ये वर्तमानपत्रांत नकाशा छापून आला, आणि सनसेटमध्ये राहणाऱ्या, नुकतेच कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांनी आपली गल्ली त्यावर शोधली, तेव्हा गडबड सुरू झाली.

या सभांचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. त्या भरत होत्या त्या चर्चच्या आणि शाळांच्या सभागृहांत. बोलणारे होते पॅरिशमधले धर्मगुरू, छोटे दुकानदार, गृहिणी, घरमालकांच्या संघटनांचे चिटणीस. पर्यावरण हा शब्द तेव्हा राजकारणात आलेला नव्हता. मुद्दा घराचा होता, आणि घराइतकाच देखाव्याचा. टेलिग्राफ हिल, रशियन हिल या टेकड्यांवरून खाडी दिसते. तिची किंमत भाड्यात आणि विक्रीत मोजली जाते. त्यामुळे सनसेटचा कामगार-मध्यमवर्ग आणि टेकड्यांवरचे सुखवस्तू लोक, ज्यांचे एरवी एकमेकांशी काही नाते नव्हते, ते एका बाजूला आले.

त्यांच्या हातात एक हत्यार होते, आणि ते कायद्यातले होते. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग कायद्यानुसार फ्रीवेसाठी शहरातला रस्ता बंद करायचा तर त्या शहराची लेखी संमती लागे. फ्रीवे बांधताना आडव्या गल्ल्या बंद कराव्याच लागतात. म्हणजे पैसा राज्याचा, आखणी राज्याची, पण किल्ली शहराच्या अकरा जणांच्या नगरसभेकडे, बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे. अनेक मोठ्या शहरांत नगरसभांनी ही किंवा अशी संमती डोळे मिटून दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरसभेने ती रोखून धरली. जानेवारी १९५९मध्ये सुमारे ३०,००० सह्यांची निवेदने समोर आल्यावर तिने आराखड्यातल्या दहापैकी सात फ्रीवेंना विरोध करणारा ठराव केला. एखाद्या अमेरिकन शहराने केंद्राच्या पैशाच्या रस्त्याला असे तोंडावर नाही म्हटल्याची उदाहरणे तोवर नव्हती. ‘फ्रीवे रिव्होल्ट’ हा शब्दप्रयोग पुढे बोस्टन, वॉशिंग्टन अशा शहरांतल्या चळवळींसाठी रूढ झाला, त्याचे मूळ इथे.

आता उरलेल्या रस्त्यांकडे पाहू. पुस्तकांत सातांचे कौतुक असते. तिघांविषयी क्वचित कुणी लिहिते. जे फ्रीवे पूर्ण झाले ते शहराच्या आग्नेयेकडून गेले. मिशन, बर्नल हाइट्स, बेव्ह्यू अशा कामगारांच्या, स्थलांतरितांच्या आणि पुढे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या कडेने आणि पोटातून. तिथे सह्यांची मोहीम त्या प्रमाणात उभी राहिली नाही, किंवा राहीपर्यंत खांब उभे राहिले होते. खाडीपलीकडच्या वेस्ट ओकलंडची गोष्ट तर याहून कठोर आहे. सायप्रस स्ट्रीटवरचा दुमजली फ्रीवे १९५७मध्ये एका जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचे दोन तुकडे करून उभा राहिला. तो पुन्हा या लेखात येणार आहे.

मुंबईकर वाचकाला हे अनोळखी वाटू नये. पेडर रोडच्या उड्डाणपुलाला मंगेशकर भगिनींनी विरोध केला तेव्हा वृत्तपत्रांत त्याची चर्चा महिनोन्महिने चालली आणि तो पूल झाला नाही. मोहम्मद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून झाला.

एका टोकाला लटकलेला रस्ता

एम्बार्काडेरो फ्रीवे हा दोन पुलांना जोडायचा रस्ता. त्याचे काम १९५९च्या ठरावाआधीच सुरू झाले होते. तो किनाऱ्याने नेण्याचे कारण साधे होते: धक्क्यांची जमीन. बंदर १९६९पर्यंत शहराच्या नव्हे, राज्याच्या ताब्यात होते. तिथे घरे पाडावी लागत नव्हती आणि भाडेकरूंचा आवाज नव्हता. रस्ता पुढे टेकड्यांखालून गोल्डन गेटकडे जायचा होता. ठरावाने तो अडला. १९५९च्या फेब्रुवारीत वाहतुकीला खुला झाला तेव्हा तो बे ब्रिजपासून निघून जेमतेम मैल-दीड मैल जाऊन ब्रॉडवे या रस्त्यावर खाली उतरत होता. उतार तात्पुरता होता. पुढचा टप्पा होईपर्यंतची सोय.

पुढचा टप्पा कधीच झाला नाही. १९६०च्या दशकात राज्याने शहराला मनवण्याचे अनेक प्रयत्न केले. भुयार काढू, झाडे लावू, उंची कमी करू. यातला सर्वांत मोठा संघर्ष पॅनहँडलचा. गोल्डन गेट पार्कला पूर्वेकडून जोडलेली, एक गल्ली रुंद आणि आठ गल्ल्या लांब अशी झाडांची पट्टी म्हणजे पॅनहँडल, कढईचा दांडा. त्यातून फ्रीवे न्यायचा होता. हाइट-अॅशबरीतल्या रहिवाशांनी विरोधाची फळी उभारली आणि त्यात स्यू बिअरमन ही गृहिणी पुढे आली. शाळा, मुले सांभाळून नगरसभेच्या बैठकांना हजेरी लावणारी. मे १९६४मध्ये गोल्डन गेट पार्कमध्ये मोठी सभा झाली. कवी केनेथ रेक्सरॉथ बोलले, माल्विना रेनॉल्ड्स गायल्या. शेवटचा निकाल लागला मार्च १९६६मध्ये, सहा विरुद्ध पाच मतांनी. विरोधी सहांत टेरी फ्रँस्वा यांचे मत होते. ते नगरसभेतले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, व्यवसायाने वकील आणि नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेले. शेजारच्या वेस्टर्न अॅडिशन वस्तीत ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे आधीच जमीनदोस्त होत होती. आणखी एक रस्ता आणखी कुणाच्या घरांवरून जाणार, हे त्यांना नकाशा न बघता कळत होते. या एका मताने शहराने सुमारे २८ कोटी डॉलरच्या केंद्रीय निधीवर पाणी सोडले.

आणि ब्रॉडवेचा तात्पुरता उतार तीस वर्षे टिकला.

गिऱ्हाईक उताराने येते

ब्रॉडवे हा चायनाटाउन आणि नॉर्थ बीच यांच्या सीमेवरचा रस्ता. उतार तिथे द्यावा असे चायनाटाउनने कधी मागितले नव्हते. त्याला कुणी विचारलेही नव्हते. मुळात या वस्तीचा शहराशी असलेला संबंधच विचारणा न होण्याचा होता. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. १९०६च्या भूकंपात वस्ती बेचिराख झाल्यावर नगरपित्यांनी ती शहराच्या पार दक्षिण टोकाला, हंटर्स पॉइंटला हलवण्याचा घाट घातला होता. चिनी व्यापाऱ्यांनी चिवटपणे आणि चतुराईने तो हाणून पाडला, तिथेच पुन्हा घरे बांधली. ‘आम्ही इथून हलणार नाही’ हे त्या वस्तीच्या राजकारणाचे पहिले वाक्य आहे.

१९६५च्या कायद्याने स्थलांतराचे दार उघडल्यावर चिनी लोकसंख्या वाढली आणि पांगली. एका खोलीत कुटुंब राहणाऱ्या जुन्या चाळवजा इमारतींतून, ज्यांना जमले ते रिचमंडला, सनसेटला, बे ब्रिजपलीकडे ओकलंडला गेले. पण भाजी, मासे, औषधी मुळ्या, लग्नाचे जेवण, गावकीच्या संस्थेची बैठक, आजीला भेटणे यांसाठी शनिवार-रविवारी चायनाटाउनलाच यायचे. पुलावरून यायचे, फ्रीवेने सरळ ब्रॉडवेला उतरायचे, पोर्ट्समथ स्क्वेअरच्या पोटातल्या वाहनतळात गाडी लावायची आणि पिशव्या भरून परत. या वस्तीला कुणी मेट्रो दिली नव्हती. बार्टची भुयारी गाडी मार्केट स्ट्रीटखालून जाते; तिथून पिशव्या घेऊन चढ चढायचा तर म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते. ज्या तुकड्याला शहर ‘अर्धवट सोडलेला विद्रूप रस्ता’ म्हणत होते, त्याच्यावर एका वस्तीने तीस वर्षांत आपला संसार मांडला होता.

म्हणूनच १९८०च्या दशकात नगरसभेने हा फ्रीवे पाडण्याचा निर्णय घेतला आणि १९८६मध्ये प्रश्न मतदारांसमोर गेला, तेव्हा मतदारांनी तो फेटाळला. विद्रूप असला तरी तो रोज साठ हजारांहून अधिक गाड्या वाहत होता. सौंदर्यासाठी रोजची सोय मोडायला शहर तयार नव्हते. चळवळीच्या इतिहासात हे मतदान बहुधा एका ओळीत उरकले जाते. मला ते महत्त्वाचे वाटते, कारण पुढे भूकंप झाला नसता तर तो रस्ता कदाचित आजही तिथे असता.

पाच वाजून चार मिनिटे

१७ ऑक्टोबर १९८९. संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटा भूकंप झाला, तीव्रता ६.९. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांच्यातच बेसबॉलचा अंतिम सामना असल्याने पुष्कळ लोक लवकर घरी गेले होते, म्हणून रस्त्यांवर गर्दी कमी होती, असे सांगतात. तरी ६३ माणसे गेली. त्यातली ४२ एकाच ठिकाणी: वेस्ट ओकलंडच्या सायप्रस स्ट्रीटवर, जिथे फ्रीवेचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. गाड्यांत अडकलेल्यांना बाहेर काढायला सर्वांत आधी धावले ते तिथलेच रहिवासी, ज्यांच्या वस्तीचे त्या रस्त्याने तुकडे केले होते. पुढे त्यांनी मागणी लावून धरली की हा रस्ता पुन्हा आमच्या मधोमध नको. राज्याला तो वळवून वस्तीबाहेरून न्यावा लागला. नवा मार्ग १९९७मध्ये सुरू झाला आणि जुन्या जागी आज मंडेला पार्कवे नावाचा झाडांचा रस्ता आहे. १९५७मध्ये न मिळालेला नकाराधिकार वेस्ट ओकलंडला चाळीस वर्षांनी मिळाला, तो बेचाळीस माणसे चिरडली गेल्यावर.

एम्बार्काडेरो फ्रीवे याच जातीचा, दुमजली. तो कोसळला नाही, पण खांबांना इतक्या चिरा पडल्या की तत्काळ बंद करावा लागला. महापौर आर्ट अॅग्नोस यांच्यासमोर तीन पर्याय होते: डागडुजी करून उघडणे, जमिनीखालून नवा रस्ता करणे, किंवा पाडून टाकून खाली साधा रस्ता करणे. पहिला स्वस्त होता आणि राज्याच्या महामार्ग खात्याची तयारी होती. अॅग्नोस यांनी तिसरा निवडला. अशी संधी शंभर वर्षांत एकदा येते, असा त्यांचा आग्रह होता. आज तो फोटो पाहताना त्यांचे म्हणणे कोण चूक म्हणेल?

पण चायनाटाउनमध्ये तेव्हा काय चालले होते? पूल महिनाभर बंद, फ्रीवे कायमचा बंद. शनिवार-रविवारची गर्दी आटली, खानावळींतली टेबले रिकामी राहू लागली. गिऱ्हाईक एकदा ओकलंडच्या किंवा उपनगरातल्या चिनी बाजाराला सरावले की परत येत नाही, ही भीती दुकानदारांच्या तोंडी होती आणि ती अवास्तव नव्हती. या असंतोषाला आवाज दिला रोझ पाक यांनी. पूर्वीच्या पत्रकार, चायनीज चेंबर ऑफ कॉमर्सच्या सल्लागार, कुठल्याही निवडणुकीला उभ्या न राहिलेल्या, शिवराळ, विनोदी, आणि महापौरांना फोनवर झापण्याइतपत वजन असलेल्या. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेतल्या व्यापारी मंडळाचा न-पदाधिकारी पुढारी डोळ्यांसमोर आणावा. त्यांनी दुकाने बंद ठेवून माणसे सिटी हॉलवर नेली. मागणी एकच: उतार परत द्या.

नगरसभेत पाडण्याच्या बाजूने सहा आणि विरोधात पाच मते पडली. १९६६मध्येही सहा-पाचच होते. पाडकाम फेब्रुवारी १९९१मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फेरनिवडणुकीच्या फेरीत अॅग्नोस हरले आणि पूर्वीचे पोलीसप्रमुख फ्रँक जॉर्डन महापौर झाले. पराभवाची कारणे एकाहून अधिक होती. मंदी होती, सिटी हॉलसमोर बेघरांनी टाकलेल्या तळाचा राग होता. तरीही चायनाटाउनने पाठ फिरवली नसती तर निकाल काय लागता, हा प्रश्न शहरातले जुने राजकारणी अजून घोळवतात. मोकळ्या झालेल्या किनाऱ्यावर ताडांची झाडे लागली, २०००मध्ये ट्राम धावू लागली, २००३मध्ये फेरी बिल्डिंग नव्या बाजारपेठेसह उघडली. फिती कापायला महापौर म्हणून दुसरे होते.

एका उतारावर तीन मतदाने

शहराचा दुसरा अर्धवट फ्रीवे म्हणजे सेंट्रल फ्रीवे. तोही पुढे जायचा होता, तोही ठरावाने अडला, तोही दुमजली, आणि तोही भूकंपात खिळखिळा झाला. त्याचे उत्तरेकडचे टोक १९९२मध्ये पाडले. १९९६मध्ये वरचा मजला पाडण्यासाठी रस्ता काही महिने बंद ठेवला, तेव्हा वाहतूक तुंबून शहर ठप्प होईल असे भाकीत होते. पहिले काही दिवस सोडले तर तसे झाले नाही. गाड्या दुसऱ्या रस्त्यांनी गेल्या, काही निघाल्याच नाहीत.

पण ‘तसे झाले नाही’ हे हेस व्हॅलीत राहणाऱ्याचे मत. फ्रीवेच्या सावलीत राहणारी ती गरीब, बऱ्याच अंशी कृष्णवर्णीय वस्ती. खांबांखाली वेश्याव्यवसाय आणि नशा चाले. तिला तो रस्ता नको होता. पश्चिमेकडच्या सनसेट-रिचमंडमधल्या माणसाचे मत उलटे होते: त्याला कामावर जायला तोच एक सरळ रस्ता. गंमत अशी, की १९५६मध्ये ‘आमच्या गल्लीतून फ्रीवे नको’ म्हणून सभागृहे भरवणारा सनसेट तो हाच. चाळीस वर्षांत तिथले रहिवासी बदलले होते. आयरिश-इटालियन कुटुंबांच्या जागी बरीच चिनी कुटुंबे आली होती. त्यांच्या गल्लीतून फ्रीवे गेला नाही, हे पूर्वीच्या पिढीने त्यांना देऊन ठेवले होते. दुसऱ्याच्या गल्लीतला फ्रीवे मात्र त्यांना हवा होता.

नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांनी सह्या जमवून प्रश्न मतदानाला नेला: फ्रीवे पुन्हा बांधा. मंजूर. नोव्हेंबर १९९८मध्ये हेस व्हॅलीच्या कार्यकर्त्यांनी उलटा प्रश्न आणला: फ्रीवे मार्केट स्ट्रीटपाशी संपवा आणि पुढे साधा, झाडांचा रस्ता करा. मंजूर. १९९९मध्ये दोन्ही बाजूंचे प्रश्न एकाच मतपत्रिकेवर आले. झाडांचा रस्ता पुन्हा जिंकला, फ्रीवे पडला. एकाच शहराने एकाच उताराविषयी तीन वर्षांत तीनदा कौल द्यावा, हे लोकशाहीचे वैभव की खेळखंडोबा, हे वाचकाने ठरवावे. बहुमत प्रत्येक वेळी निसटते होते. त्यामुळे कुठल्याही बाजूला ‘शहराचे म्हणणे’ असे म्हणण्याचा अधिकार फारसा नव्हता.

ऑक्टेव्हिया बुलेवार्ड सप्टेंबर २००५मध्ये खुला झाला. बर्कलीचे अॅलन जेकब्स आणि एलिझाबेथ मॅकडोनाल्ड यांनी त्याची रचना केली: मधून जोरात जाणाऱ्या गाड्या, दोन्ही कडांना झाडांपलीकडे हळू चालणारी स्थानिक गल्ली, आणि शेवटी एक छोटी बाग. बागेला पॅट्रिशिया वॉकअप या वस्तीतल्या कार्यकर्तीचे नाव आहे. फ्रीवेवरून १९९५मध्ये दिवसाला सुमारे ९३,००० वाहने जात. नव्या रस्त्यावर पहिल्याच वर्षी सुमारे ४५,००० मोजली गेली. निम्मी कुठे गेली, यावर वाहतूकतज्ज्ञांनी बरेच लिहिले आहे. काही शेजारच्या रस्त्यांवर, काही मूळ फ्रीवेवर लांबून, काहींनी प्रवासच सोडला. मार्केट स्ट्रीटपाशी जिथे फ्रीवे आता खाली उतरतो, तिथे गर्दीच्या वेळी गाड्यांची शेपटी लांबच लांब असते. उतार नाहीसा झालेला नाही. चार गल्ल्या दक्षिणेला सरकला.

फ्रीवेखालची जमीन राज्याकडून शहराला मिळाली. तिचे बावीस तुकडे पाडले आणि जवळपास निम्मे परवडणाऱ्या घरांसाठी राखले. काहींवर घरे झाली, काही वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. दरम्यान हेस व्हॅलीत उंची कपड्यांची दुकाने आणि कॉफीची घरे आली आणि भाडी चढली. खांबांखालच्या अंधाराविरुद्ध ज्यांनी मोर्चे काढले, त्यांतल्या अनेकांना उजेड आल्यावर तिथे राहणे झेपले नाही. हा दोष मी झाडांच्या रस्त्याला देणार नाही. पण रस्त्याच्या यशाचे आकडे सांगताना तो हिशेबातून वगळणाऱ्यांशी माझे पटत नाही.

तेहतीस वर्षांची उधारी

चायनाटाउनची मागणी ‘उतार परत द्या’ ही होती. उतार मिळाला नाही. त्याच्या बदल्यात भुयारी रेल्वे द्यावी, यावर रोझ पाक अडून बसल्या आणि पुढचे महापौर बदलत गेले तरी त्यांनी ती मागणी सोडली नाही. जॉर्डन गेले, विली ब्राउन आले, गॅव्हिन न्यूसम आले, एड ली आले. ली हे शहराचे पहिले चिनी वंशाचे महापौर. त्यांना त्या खुर्चीपर्यंत नेण्यात रोझबाईंचा हात असल्याचे सर्वज्ञात होते. सेंट्रल सबवे या प्रकल्पावर टीकाही भरपूर झाली: पावणेदोन मैलांचा मार्ग, चार स्थानके, खर्च दोनशे कोटी डॉलरच्या घरात, आणि इतके करून बार्टला बदलायचे तर जमिनीखाली बरेच चालायचे. काटेकोर वाहतूकशास्त्राने तो कदाचित कधीच झाला नसता. तो वाहतुकीचा प्रकल्प कमी आणि जुने देणे फेडण्याचा जास्त होता, असे माझे मत आहे. आणि देणे खरे होते.

रोझ पाक सप्टेंबर २०१६मध्ये वारल्या. गाडी नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झाली, म्हणजे भूकंपानंतर तेहतीस वर्षांनी. १९९०मध्ये पन्नाशीत असलेला दुकानदार त्या वेळी ऐंशीच्या पुढे होता, असला तर. स्थानकाला रोझ पाक यांचे नाव देण्यावरूनही कडाक्याचे भांडण झाले. चीन सरकारशी त्यांची जवळीक होती असा आक्षेप घेणाऱ्यांनी बैठकी दणाणून सोडल्या. अखेर २०१९मध्ये वाहतूक मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी नाव मंजूर केले. या शहरात रस्त्याशी संबंधित काहीही एकापेक्षा जास्त मताने मंजूर होत नाही की काय, अशी शंका येते.

फेरी बिल्डिंगसमोर, रस्ता ओलांडल्यावर, एक हिरवळ आहे. फ्रीवेचे क्ले आणि वॉशिंग्टन या रस्त्यांवरचे उतार तिथे होते. पॅनहँडल वाचवणाऱ्या स्यू बिअरमन पुढे नियोजन आयोगावर गेल्या, नगरसभेवर निवडून आल्या. त्यांचे नाव आता त्या हिरवळीला आहे. तिथून उत्तरेला दहा मिनिटे चालत ब्रॉडवेवर गेले की तो तात्पुरता उतार जिथे जमिनीला टेकत होता, ती जागा येते. उतार गेल्यावर तिथे बरीच वर्षे मोटारी उभ्या करत. २०१५मध्ये चायनाटाउन कम्युनिटी डेव्हलपमेंट सेंटर या संस्थेने सॅनसम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या तुकड्यावर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ७५ घरे बांधली. इमारतीवर फ्रीवेचा उल्लेख करणारी पाटी असेल म्हणून मी खालून वरपर्यंत पाहिले. पाटी दिसली नाही; तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत वाळत घातलेले लहान मुलाचे मोजे दिसले.